ओद्रुनचं धुकं

"चार गोळ्या झाडल्यास आणि वर्तुळात एकच?" सिग्नेनं निशाण्याचा कागद उन्हात धरला. "ओद्रुन, वारा होता का गं?"

वारा अजिबात नव्हता. निशाणा होता तीस मीटरवर. त्या ध्रुवीय केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाला रायफल धरायला ओद्रुन बावीस वर्षं शिकवत आली होती. या खेपेला सिग्नेसकट सहा नवखे होते. दर वसंतात परीक्षा सगळ्यांची व्हायची, शिकवणारीचीसुद्धा. जो नापास होईल त्यानं पास झालेला सोबती घेतल्याशिवाय केंद्राची हद्द ओलांडायची नाही, कारण हद्दीपलीकडे अस्वलांचं राज्य.

निकालाचा तक्ता ओद्रुनच भरायची. एक आकडा इकडचा तिकडे केला असता तर कोण विचारणार होतं? पण तिनं स्वतःच्या नावापुढे 'नापास' लिहिलं आणि ओरडली, "चला, पुढचा! श्वास सोडायचा, बंदूक नव्हे!" सगळे हसले, तीही हसली. 

दुपारी स्वयंपाकघरात केंद्रप्रमुख टोरगाइरनं तिच्यापुढे कॉफी सरकवली. "हात थरथरला का?"

"हात दगडासारखा आहे माझा. धुकं होतं."

"आज?"

"आजच कशाला, महिनाभर आहे. रोज सकाळी नोंदवहीत लिहितेय की मी."

हवामानाची यंत्रं सांभाळणारी सिग्ने तिथेच बसली होती. ती बोलून गेली, "यंत्र तर चाळीस किलोमीटर स्वच्छ दाखवतंय गं. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय."

बोलल्यावर तिनं जीभ चावली. ओद्रुन खिडकीशी गेली. खाडीपलीकडचा डोंगर तिला दुधात बुडाल्यासारखा दिसत होता.

"तुला तो डोंगर दिसतो?"

"त्याच्यावरच्या घळी मोजता येतील," सिग्ने हळूच म्हणाली.

म्हणजे धुकं बाहेर नव्हतंच. महिनाभर ही बाई आपल्या डोळ्यांतला मोतीबिंदू हवामान म्हणून लिहीत होती. ओद्रुन खो खो हसली, आणि हसता हसता खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही.

शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची. पण त्यासाठी दक्षिणेला जायचं, आणि साठी उलटलेलं माणूस एकदा दक्षिणेला गेलं की त्याला इथला करार परत मिळत नाही, हे केंद्रावर सगळ्यांना ठाऊक होतं. एका उन्हाळ्यापुरती स्वयंपाकीण म्हणून आलेली ओद्रुन या बर्फापायी इथेच राहिली होती. डोळे बरे होतील, पण बघायला हे नसेल, या विचारानं तिचा जीव तुटत होता.

"शुक्रवारचं विमान," टोरगाइर म्हणाला. "ऐकतेस ना?"

"कान शाबूत आहेत अजून."

गुरुवारी सकाळी सिग्ने तिच्या दारात उभी राहिली. खांद्यावर रायफल होती. "बर्फ किती उतरला ते हिमनदीजवळच्या खुणेच्या काठ्यांवर मोजायचंय. नवखी म्हणून एकटीला सोडत नाहीत मला. येतेस?"

"मी नापास आहे."

"मी पास आहे. तूच केलंस."

बावीस वर्षांत ओद्रुन पहिल्यांदाच स्नो-स्कूटरवर मागे बसली. गोठलेली खाडी संपली आणि हिमनदीचा कडा समोर आला. त्याचे कंगोरे, भेगा, काही तिला दिसेना. पण निळा रंग दिसला. डोळ्यांवरच्या दुधातूनही तो तेवढा आरपार आला. तिला भरून आलं.

"ओद्रुन," सिग्ने कुजबुजली. "अस्वल. मादी आहे. मागे दोन पिल्लं."

"किती लांब?"

"तीनशे मीटर."

"वारा?"

"तिकडून इकडे."

"मग आपला वास लागला नाही तिला. इंजिन चालू राहू दे, स्कूटरचं तोंड घराकडे कर. बंदूक हातात घे, पण नेम धरू नकोस."

सिग्नेनं सगळं तसंच केलं. "ती उभी राहिली गं. मागच्या पायांवर. बाप रे, केवढी आहे!"

"नाकानं बघतेय ती. बघू दे. बावीस वर्षांत अस्वलावर एकही गोळी झाडली नाही मी, तुझ्या हातूनही आज नको. ती थांबलीय तोवर आपण थांबायचं."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सिग्नेनं एकदम श्वास सोडला. "खाली टेकली. चाललीय, लांब चाललीय." तिच्या गालांवर पाणी होतं.

"रडतेस होय? मीपण रडले होते पहिल्यांदा," ओद्रुन म्हणाली. "कशी आहे, सांग ना."

"लोण्याच्या रंगाची. एक पिल्लू आईच्या पावलांच्या ठशांत उड्या मारत चाललंय. दुसरं बसून राहिलंय, आपल्याकडे बघत."

"आणि आई?"

"थांबलीय त्याच्यासाठी."

खाली उतरून ओद्रुननं एवढ्या थंडीत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ताठ उभी राहून बघू लागली. ती बघत होती तिथे नुसता बर्फ होता. सिग्नेनं रायफल खांद्याला अडकवली, तिच्या मागे येऊन दोन्ही खांदे धरले आणि तिला हलकेच डावीकडे वळवलं.