हा गृहस्थ

मास्तरांच्या मुलीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर उलगडून ठेवला.

"एक म्हणजे, दोन्ही पायांत एकाच रंगाचे मोजे घालतात," ती म्हणाली. "दुसरं, दाराला न विचारता खोलीत शिरतात. आणि मुख्य म्हणजे, स्वतःला 'मी' म्हणायला लागलेत."

डॉक्टर कागदाकडे बघतच राहिले. "यात बिघडलं काय?"

"आधी असे नव्हते हो ते! 'हा गृहस्थ जेवला', 'या गृहस्थाला झोप आली', असंच बोलायचे. कुठल्याही दारापाशी थांबून 'येऊ का साहेब?' म्हणून विचारायचे. आई गेली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून सगळं बंद."

मास्तर हात मांडीवर ठेवून शेजारच्या खुर्चीत बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. आता दुसऱ्याच कुणाचं बोलणं चाललं असावं तसे ते भिंतीवरच्या दृष्टी तपासायच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होते.

"सर, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले.

"ते खरं नव्हतं."

"म्हणजे?"

मास्तरांनी हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात सांगितलं. नोकरीला सहा वर्षं झाली होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना जिन्यात अडवून विचारलं होतं, "आपण कुणाचे पालक?" त्याच आठवड्यात घाईघाईत त्यांच्या एका पायात पांढरा आणि एकात काळा मोजा गेला. वर्ग हसला, शिक्षकांची खोली हसली, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी लांबून नावाने हाक मारली. मग मोजे तसेच राहिले. पुढच्या वर्षी दाराची भर पडली, त्यानंतर गृहस्थाची. मास्तर म्हणजे अगदी वल्ली आहेत, असं लोक म्हणू लागले.

"पण घरी कशाला?" मुलीने विचारलं. कागदाची घडी ती पुन्हा पुन्हा घालत होती.

"घरी तू होतीस. शाळेत जाऊन सांगितलं असतंस." मास्तर थांबले. "तुझ्या आईला ठाऊक होतं. दोन रंगांचे मोजे रोज तीच काढून ठेवायची, माझ्या लक्षात राहायचं नाही. तू झोपलीस की म्हणायची, चला, सुटली शाळा."

डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं, भुकेबद्दल विचारलं. दोन्ही ठीक होतं. रक्तदाबही ठीक निघाला. महिन्याभराने पुन्हा या, असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

परतताना मुलगी गाडी चालवत होती. तिसऱ्या सिग्नलला मुलगी म्हणाली, "तुमच्या गोष्टी मैत्रिणींना सांगत लहानाची मोठी झाले मी. सासरीसुद्धा सगळ्यांना त्या पाठ आहेत." दिवा हिरवा झाला. "मग बाबा, तुमचं स्वतःचं असं काय होतं?"

मास्तरांना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी बाहेर पाहिलं. एक माणूस दुकानाच्या काचेला साबण लावत होता. आवडता रंग सांगावा, असं त्यांच्या मनात आलं. पण तोही वर्गातल्या मुलांना सांगण्यासाठी कधीतरी ठरवून टाकलेला होता. गाडी उड्डाणपुलावर चढली, मुलीने वेग वाढवला, आणि मास्तरांचा हात खिडकीवरच्या कडीकडे गेला.

"मला वेगाची भीती वाटते," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्यापासून."

मुलीने वळून पाहिलं. "वीस वर्षं मी तुम्हाला गाडीतून फिरवतेय. एकदाही बोलला नाहीत."

"त्यात गंमत नव्हती काही."

तिने आरशात पाहिलं आणि गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, मग आणखी कुणीतरी. काटा साठवरून चाळिसावर आला.

"एवढा चालेल?" तिने विचारलं.

मास्तरांनी काट्याकडे नीट निरखून पाहिलं.

"अजून थोडा कमी," ते म्हणाले.