भरल्या गाडीचे माप

सकाळचा उजेड आमच्या गाड्यांचे स्पीडमीटर दुरुस्त करायच्या दुकानात शटरखालून येई. आधी उंबऱ्याजवळच्या तेलाच्या डागावर थबके, मग बाबांनी मुद्दाम पातळीत घोटून घेतलेल्या सिमेंटच्या जमिनीवरून सावकाश पुढे सरके, आणि भिंतीशी ठेवलेल्या त्यांच्या रिकाम्या स्टुलापाशी पोचेपर्यंत इतका मऊ होई, की तिथून नुकतेच कोणी उठून गेले आहे असे वाटे. टायर थंड असतानाच माप घ्यायचे, म्हणून आम्ही ऊन चढायच्या आधी कामाला लागतो. आम्ही म्हणजे बाबांच्या आजारपणापासून मी एकटाच. गिऱ्हाइकांना मी सांगत असे, "बाबा येतील. जरा बरं वाटू द्या."

त्या दिवशी बाबा खरेच आले. शाळेची मुले ने-आण करणाऱ्या व्हॅनवाल्या काकूंनी त्यांना घरून उचलून आणले होते.

"नवे टायर घातले नि मीटर खोटं बोलायला लागला," काकू म्हणाल्या. "काटा दाखवतो एक, गाडी पळते जास्त. शाळेनं बजावलंय, आज दुरुस्त झालं नाही तर उद्यापासून दुसरी गाडी."

बाबांनी खडू मागितला. टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करायची, चाक एक पूर्ण फेरी पुढे न्यायचे, टायरची खूण पुन्हा जमिनीला टेकली की तिथे दुसरी रेघ. मधले अंतर मीटर जुळवायच्या यंत्रात भरायचे. पण बाबांची रेघ वाकडी गेली. त्यांनी ती तळव्याने पुसली.

"धर, तूच घे."

काकूंना उतरवून मी गाडी ढकलली, टेप लावली.

"आत कोण होतं?" बाबांनी विचारले.

"कोणी नाही."

"मग रिकाम्या गाडीचं माप घेतलंस, राजा. मुलं चढली की टायर दबतो, एका फेरीत गाडी कमी सरकते. काकू, तुम्ही स्टिअरिंगला बसा. मी बसतो मागे, वजनाला."

"तुमच्यात वजन उरलंय कुठं? माझं पहिलीतलं पोर जास्त भरेल."

बाबा हसले. मला हसू आले नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झाली ती धुण्याने, असे मी स्वतःला पटवत आलो होतो. मी त्यांना आधार देऊन आत बसवले, आणि मुलांच्या वजनाची भर म्हणून शेजारी वाळूची पोती रचली.

काकूंनी गाडी हळूच पुढे घेतली. या वेळची रेघ मघापेक्षा बोटभर अलीकडे पडली. मी तो आकडा यंत्रात भरला. मग रस्त्यावर मोबाइलमधला वेग आणि मीटरचा काटा यांचे एकमत झाले.

"वाचले बाई," काकू म्हणाल्या. मग आरशातून बाबांकडे पाहत, "आता पुन्हा बिघडला तर यायचं कोणाकडे?"

"ह्याच्याकडे. गाडी रिकामी ठेवून मापायला लागला, तर मला येऊन सांगा."

'बाबा येतील' हे नेहमीचे वाक्य माझ्या ओठांवर आले, आणि मी ते गिळले. खडू माझ्याच खिशात होता. त्यांनी तो परत मागितला नव्हता. बाबा आता कामावर येणार नव्हते.