उचललेली टाच

“याची टाच उचललेली का गं?” मिचिरुच्या बाबांनी, तोकुजींनी, लाकडी मुलाच्या पायाखाली बोट घालून पाहिलं. “निघालंय कुठं हे?”

मिचिरु शालीची घडी घालू लागली. लिस्बनहून शालीत गुंडाळून आणलेलं हे मूल तिनं खास बाबांसाठी कोरलं होतं. जपानातल्या या तोनो गावच्या जुन्या घरांत असं एक मूल राहतं म्हणतात, कुणाला दिसत नाही. ते आहे तोवर घर भरलेलं, ते निघून गेलं की घर बसलं, हे आजीनं तिला भरवता भरवता सांगितलेलं. तिकडच्या प्रदर्शनांतून तिनं अशी कितीतरी मुलं उभी केली. जपानी डोळे बाबांचे, कुरळे केस पोर्तुगीज आईचे, आणि प्रत्येकाची एक टाच उचललेली. घरी मात्र पहिल्यांदाच आणलं होतं.

“झालंय चांगलं,” बाबा म्हणाले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. “केस तेवढे विंचरायचे होतेस.”

आज मिचिरुच्या लेकीला, इनेशला, वर्ष पुरं होत होतं. बाबांनी सकाळीच चिकट तांदूळ कांडून जडशीळ गोळा केला होता. तो फडक्यात बांधून वर्षाच्या मुलाच्या पाठीवर द्यायचा, ही इकडची रीत. भारानं मूल पडलं की सगळ्यांनी खूश व्हायचं. पडलं नाही, तर ते घर सोडून लांब जातं म्हणतात.

स्वतःच्या पहिल्या वाढदिवशी मिचिरु पडली नव्हती. पडता पडता आई, लुर्देस, पुढं झाली आणि तिला वरच्यावर झेललं. पुढं मिचिरु शिकायला गेली ती तिकडचीच झाली. आजी मरेपर्यंत सुनेला ऐकवायची, परक्या बाईला काय कळणार, हिनंच पोर घालवली. आई ऐकून घ्यायची, भांडी घासायची. एकदा भांडणाच्या भरात मिचिरुनंही तिला तेच ऐकवलं होतं. तेव्हाही आई गप्पच राहिली. आता आई नव्हती.

“तू मधे पडू नकोस हं,” बाबांनी बजावलं आणि इनेशच्या छातीवर गाठ मारली.

इनेशनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. गाठोडं एका अंगाला कललं. मिचिरुनं स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले. पोर मागं जाऊ लागली, आणि चटईवर आपटणार तोच बाबांनीच गुडघ्यांवर पुढं होऊन तिला उचललं.

इनेश खिदळत होती. बाबा तिच्या कुरळ्या केसांकडे बघत राहिले.

“तेव्हाही मलाच झेलायचं होतं,” ते म्हणाले. “समोर तुझी आजी बसलेली. मग लुर्देसला डोळ्यांनी खुणावलं. ती उठली.”

“आणि आजी बोलायची तेव्हा?”

“मी जेवत असायचो.”

“आईनं कधी सांगितलं नाही.”

“मला वाटायचं, सांगेल कधीतरी.”

मिचिरुनं इनेशच्या पाठीवरचं गाठोडं सोडलं. गोळ्याचे तुकडे केले, भाजले. पहिला आईच्या फोटोपुढं ठेवला. मग दोघं खात बसली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी बाबा गाडी काढायला गेले. मिचिरु इनेशला कडेवर घेऊन दारात आली नि थबकली. काल दाराकडे तोंड करून ठेवलेलं लाकडी मूल आता आत, आईच्या फोटोकडे वळलं होतं. उचललेल्या टाचेखाली बाबांनी एक पाचर बसवली होती, तासून, बेमालूम.

तिनं खाली वाकून ती ओढून पाहिली. निघाली नाही.