तळ्याच्या कोपऱ्यातलं ठिगळ

हुस्तो अपासाने वीस वर्षं खाणीच्या तळ्यांना प्लॅस्टिकची अस्तरं जोडली होती. गावात परतल्यावरही तो सगळ्यांना ऐकवायचा, "गरम हवा नुसती तापवते. सांधा धरतो तो प्लॅस्टिकचा कागद स्वच्छ असल्यामुळे."

गावच्या तळ्याचं अस्तर एका कोपऱ्यात हातभर फाटलं होतं. कालव्याच्या पाण्याची गावची पाळी त्याच दुपारी, आणि पुढची चाळीस दिवसांनी. बटाटे फुलावर आलेले. आज पाणी साठलं नाही तर पीक हातचं गेलंच म्हणायचं.

सकाळी हुस्तोने नमुन्याची पट्टी जोडली, थंड होऊ दिली आणि पकडीने ओढली. कागद ताणला, सांधा सुटला नाही. मग फाटलेल्या जागेभोवतीचा उन्हाने विटलेला थर खरवडून त्याने ताजा काळा कागद उघडा केला, ठिगळ मांडलं आणि गरम हवा फेकणारी हीटगन तापवली.

तेवढ्यात सेनोबियामावशी आली. वय ऐंशी, गावातल्या प्रत्येक घराच्या पायाभरणीत तिच्याच हातचा नैवेद्य.

"माझ्याआधीच सुरू केलंस, मेल्या? धरणीमायला उपाशी ठेवणार?"

"मावशी, बाजूच्या मातीत वाहा ना."

"जखम इथे आणि औषध तिथे? खाणीत जाऊन फार शहाणा झालास!"

तिने नैवेद्याची कोकाची पानं ठेवली आणि लामा जनावराची चरबी नेमकी खरवडलेल्या कडेवर चोळली. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी देमेत्रिओने टोपी काढली. बाकीच्यांनीही काढली.

चिंधी आणि स्पिरिटची बाटली हुस्तोच्या पायाशीच होती. पण धरणीमायच्या तोंडचा घास सगळ्या गावादेखत पुसायचा कसा? शहाण्याची बुद्धी ऐनवेळी शेण खाते ती अशी. एवढ्या आचेत चरबी जळून जाईल, अशी त्याने मनाची समजूत घातली. बाहीने पुसल्यासारखं केलं, हीटगनने कड तापवली आणि वरून रोलर फिरवला. सांधा दिसायला सुरेख झाला. पकडीने ओढून पाहायची मात्र त्याची छाती झाली नाही.

दुपारी तळं काठोकाठ भरलं. दुसऱ्या सकाळी तळाशी वीतभर पाणी उरलं होतं आणि ठिगळ एका कडेने सालीसारखं सुटून लोंबत होतं.

सगळं गाव तळ्यावर जमलं. मावशी काठावर बसून रडत होती.

"माझ्या हाताने काही वाकडं झालं का रे, हुस्तो? खरं सांग."

खरं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने तिच्या म्हाताऱ्या बोटांकडे पाहिलं.

"नाही, मावशी. माझाच हात चुकला."

गावाने ते मानलं. देमेत्रिओ वर न बघता म्हणाला, "मग यापुढे तू तळ्याला हात लावू नकोस."

गावात दुसऱ्या कोणालाच सांधा येत नव्हता. तळं फाटकंच राहिलं, बटाटे करपले. चाळीस दिवसांनी पुन्हा पाळी आली, पण साठवायला जागा नव्हती. देमेत्रिओने कालव्याचं दार उघडलंच नाही. पाणी खालच्या गावाकडे वाहत गेलं आणि हुस्तो काठावर उभा राहून ते जाताना बघत राहिला.