पंधरा अक्षरांचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलटी अक्षरे. माझे निम्मे आयुष्य निळ्या शाईत तोंड बुडवण्यात गेले, त्यामुळे दिसायला मी काही देखणा नाही. पण वराळ्याच्या एका पत्र्याच्या शेडमधून माझ्यावाचून एकही गठ्ठा बाहेर पडत नसे, आणि याचा मला भारी ताठा होता.

तळेगावच्या एका चिंचोळ्या दुकानात माझा जन्म झाला. मला न्यायला कैलास आणि अनिता हे नवराबायको आले होते. कारखान्यांतल्या कामगारांसाठी एप्रन, टोप्या आणि शर्ट शिवून देण्याचा धंदा त्यांनी नुकताच काढला होता. माझ्या पहिल्या ओळीत ‘कैलास युनिफॉर्म, वराळे’ असे नाव होते आणि दुसऱ्या ओळीत पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर. कैलासने मला कागदावर दाबून पाहिले आणि म्हणाला, “आता आपुन बी कंपनीवाले झालो बग.”

अनिता हसली. कापड बेतणारी ती, बायकांना मशीनवर शिकवणारी ती, माप चुकले तर उसवून पुन्हा शिवणारीही तीच. नंबर मात्र कैलासच्या नावावर घेतला होता, कारण अर्ज भरला त्या दिवशी पॅनकार्ड त्याच्याच खिशात होते.

सहा वर्षे मी मान मोडून काम केले. कैलास मला वापरून झाले की जुन्या बनियनच्या चिंधीने पुसायचा. एवढी माया कोणत्या शिक्क्याच्या वाट्याला येते? मग मागच्या श्रावणात एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. तेरा दिवस मी खणात पडून होतो. शाई वाळून माझी अक्षरे कडक झाली. मला रडता येत नाही, पण त्या चिंधीची आठवण फार यायची.

चौदाव्या दिवशी अनिताने शेड उघडली. तिच्याकडे सहा बायका शिवायला होत्या. त्यांतली सावित्राबाई तर डोंगरातल्या वाडीवरून तासभर चालत यायची. शेड बंद म्हणजे सहा चुली बंद, हे अनिता जाणून होती. एकदा तिने सासऱ्यांना विचारलेही, “आबा, ह्यो नंबर त्यांच्या नावावर हाय. बदलाया लागंल का?”

महिपती आबांनी हात उडवला. “अगं, लाईटचं मीटर अजून माझ्या आज्याच्या नावावर हाय. त्याला जाऊन चाळीस वर्सं झाली. दिवा लागतोय न्हवं? दुकान तेच, जागा तीच. नंबर कशापायी बदलतीस?”

तिला ते पटले. खरे तर तिला पटवूनच घ्यायचे होते. विवरणपत्र भरताना ओटीपी कैलासच्या मोबाईलवर येई, म्हणून ती तो मोबाईल रोज चार्ज करी. आठ महिने तिने तो एकदाही बंद पडू दिला नाही. आणि मीसुद्धा आठ महिने गेलेल्या माणसाचा नंबर निमूटपणे उमटवत राहिलो. शिक्का झालो म्हणून काय, लाज मलाही वाटते.

मग जिथे सगळ्यात जास्त माल जायचा, त्या कारखान्याने पुरवठादारांची कागदपत्रे नव्याने मागवली. अनिताने होती ती दिली. दोन दिवसांनी तिकडच्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, नंबर कैलास यांचा, पॅन त्यांचा, आणि बँकेचा चेक तुमच्या नावाचा. मालकांना सही करायला पाठवा. पंधरा दिवसांत झालं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला द्यावी लागेल.”

मालकांना पाठवा! अनिता मशीनच्या स्टुलावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला पर्समध्ये टाकले आणि तळेगावला रेणुका नावाच्या करसल्लागारबाईंकडे नेले. रेणुकाताईंनी माझा ठसा कागदावर घेतला, शेजारी कैलासचे पॅनकार्ड ठेवले आणि पेन्सिलने खूण केली. “हे पहिले दोन आकडे, सत्तावीस, म्हणजे महाराष्ट्र. आता पुढची दहा अक्षरं या कार्डाशी ताडून बघा.”

अनिताने एकेक अक्षर ताडले. दहाच्या दहा तीच होती.

“म्हंजी ह्यो नंबर दुकानाचा न्हाई?”

“नाही ताई. कंपनी किंवा भागीदारी असती, तर तिला तिचं स्वतःचं पॅन असतं. एकट्याच्या मालकीचा धंदा असला की नंबर त्या माणसाचा. माणसाबरोबर तो संपतो. तुम्ही वारस म्हणून त्यांचा रद्द करायला अर्ज करायचा आणि तुमच्या पॅनवर नवा घ्यायचा. मधल्या आठ महिन्यांचं लपवायचं नाही, सांगून सरळ करून घेऊ.”

अनिताने कैलासचे पॅनकार्ड उचलून हातात घेतले. “रद्द म्हनू नका वो. त्येवढंच राहिलंया त्यांचं.”

रेणुकाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “दुकानाचं नाव ‘कैलास युनिफॉर्म’च ठेवा. त्याला कुणी हात लावत नाही. पण सहा बायकांचं काम कुणाच्या जिवावर चाललंय, ते कागदावर येऊ द्या की.”

त्यांनी अर्जासाठी मोबाईल नंबर विचारला. अनिता सवयीने कैलासचा सांगू लागली आणि मध्येच थांबली. स्वतःचा नंबर तिला फोन उघडून बघावा लागला.

आठवड्यात नवा नंबर आला. मला पुन्हा त्याच चिंचोळ्या दुकानात नेले आणि माझे जुने रबर सोलून काढले. मी फार घाबरलो होतो. पण त्याच मुठीवर नवे रबर बसले आणि कारखान्याची ऑर्डर अनिताकडेच राहिली.

मित्रांनो, माझे एक ऐका. तुमच्या घरी दुकान असेल, गिरणी असेल, गाडी असेल, तर शिक्क्यावरचा नंबर कुणाचा आहे ते आजच विचारा. तो माणूस हसत समोर बसलेला असतानाच विचारा. आणि जी हातांनी काम करते, तिचे नाव कागदावर आहे का, तेही बघा. आम्हा शिक्क्यांना फक्त उमटता येते. खरे काय ते तुम्हीच ठरवायचे असते.

नवे रबर बसले त्याच दिवशी पहिल्या गठ्ठ्यासोबतच्या चलानावर मी उमटलो. सावित्राबाईला अक्षरओळख नाही. ती कागदावर वाकून म्हणाली, “लय आकडं हायती गं. ह्यात तू कुटं हायेस?”

अनिताने पहिल्या दोन आकड्यांपुढे बोट ठेवले आणि सावकाश दहा अक्षरांवरून फिरवले.

“हितनं हितपर्यंत,” ती म्हणाली. “ही समदी मीच.”