पडून राहिलेला निधी

अर्थमंत्र्यांच्या दालनात चहा गार होत होता आणि आप्पा गालातल्या गालात हसत होते. हसणारच. सरकारला बहुमतासाठी दोन मतं कमी पडत होती आणि आप्पांच्या चिमुकल्या पक्षाकडे तीन होती, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. वर्तमानपत्रवाले या पक्षाला ‘तिपाई’ म्हणायचे. आधी आप्पांना राग यायचा, पण सरकार त्या तिपाईवर येऊन बसलं आणि तोच शब्द त्यांना गोड लागायला लागला.

“झालं तुमचं रुग्णालय,” अर्थमंत्री म्हणाले. “दुपारी भाषणात वाचतो, लगेच मतदान. तिन्ही हात वर दिसले पाहिजेत.”

“हात काय, सांगाल तर पायही वर करू,” आप्पा म्हणाले.

मागणी खोटी नव्हती, तेवढं कबूल केलं पाहिजे. आप्पांच्या गावात बाळंतीण अडली की तिला टेंपोत घालून डोंगरापलीकडे न्यावं लागे. त्यांची स्वतःची सून अशीच वाटेत बाळंत झाली आणि बाळ हाताला लागलं नाही. तेव्हापासून त्यांनी रुग्णालयाचा ध्यास घेतला होता.

ते बाहेर आले, जिन्यापर्यंत पोहोचले आणि फोन वाजला. गावाकडचा इंजिनिअर होता.

“साहेब, पूरभिंतीचे पैसे काढून घेतले. आत्ताच वरून कळवलंय.”

“काढून घेतले म्हणजे? मंजूर होते ना?”

“मंजूर होते, पण खर्च झाले नव्हते. तुम्हीच थांबायला सांगितलं होतंत.”

गावाच्या खालच्या अंगाला नदीची भिंत होती आणि तिच्या आडोशाला सगळी खालची वस्ती. भिंतीला पायापासून तडे गेले होते. दुरुस्तीचे पैसे मागेच आले होते, पण तेव्हा नगरपालिकेची निवडणूक लांब होती. इतक्या आधी काम केलं तर मतदानापर्यंत लोक विसरतील, असा आप्पांचा हिशेब. “थोडं दमानं घे,” ते इंजिनिअरला म्हणाले होते. “निवडणूक जवळ आली की माझ्या हस्ते काम सुरू करू.” या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली ही हुशारी. मग निवडणूकच पुढे ढकलली गेली आणि पैसे पडून राहिले.

ते आल्या पावली दालनात शिरले.

“माझ्या रुग्णालयाला माझ्याच भिंतीचे पैसे?”

“मग कुठून आणू? माझ्या घरून?” अर्थमंत्र्यांचा आवाज चढला नाही. “तुम्हाला रुग्णालय, त्या दुसऱ्या पक्षाला रस्ता, तिसऱ्याला त्यांचं महामंडळ. तिजोरी एकच आहे, आप्पा. वर्ष संपताना जिथे पैसे पडून दिसतात, तिथून आम्ही उचलतो. तुमच्या भिंतीचे पडून होते. का होते, ते मी विचारत नाही.”

त्या न विचारण्यातच सगळं आलं.

“पावसाळ्याआधी ती भिंत झाली पाहिजे हो.”

“मग भिंत घ्या. भाषणातून रुग्णालय काढतो. आत्ता सांगा, कागद छपाईला चाललाय.”

आप्पांनी मनात हिशेब मांडला. रुग्णालय सोडलं तर बरोबरचे दोघे उद्याच दुसरं दार शोधतील. पण खरी भीती वेगळी होती. रुग्णालय का सोडलं, असं लोक विचारणार. भिंतीसाठी, म्हणावं लागणार. भिंतीचे पैसे तर आले होते ना, असं कोणीतरी म्हणणार. आणि मग इंजिनिअरला बोलतं करायला कितीसा वेळ लागणार? माणसं बुडण्याची शंका होती, आपण बुडण्याची खात्री होती. आप्पांनी शंका पत्करली.

“रुग्णालय राहू द्या,” ते म्हणाले.

मतदानाआधी त्यांनी कोपरा गाठून थोरल्या बहिणीला फोन लावला. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं आणि ती खालच्या वस्तीतच राहायची.

“ताई, तू आणि भाऊजी वर माझ्या घरी राहायला या. याच आठवड्यात.”

“का रे? बायकोशी भांडलास?”

“भिंत यंदा होत नाहीये.”

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला. “मग सगळ्यांना सांगायला हवं.”

“नको! कुणाला बोलू नकोस. उगाच घबराट होईल.”

“आणि मी घराला कुलूप लावताना शेजारीण विचारेल, कुठे निघालात. तिला काय सांगू?”

सभागृहाची घंटा वाजू लागली. “सांग काहीतरी,” आप्पा म्हणाले आणि आत गेले. तिन्ही हात वर झाले, सरकार तरलं.

रविवारी गावात रुग्णालयाबद्दल त्यांचा सत्कार झाला. टाळ्या, फोटो, सगळं यथासांग. सून मात्र आली नव्हती. सत्कार आटोपून ते घरी पोहोचले तर फाटकापासून पायरीपर्यंत माणसं बसलेली. ट्रंका, गाद्या, गॅसची शेगडी, एका म्हातारीच्या मांडीवर गुंडाळलेलं तान्हं मूल. आप्पांना वाटलं, हेही सत्काराचेच लोक. त्यांनी सवयीने हात जोडले.

गर्दीतून ताई पुढे आली.

“शेजारणीला काय सांगावं ते सुचेना,” ती म्हणाली. “म्हणून तिला घेऊनच आले. तिने तिच्या जावेला घेतलं. भिंत होईपर्यंत तू बोलावलंस, एवढंच सांगितलंय मी.”

“ताई, अगं एवढी माणसं…”

“एवढीच राहतात रे तिथे. तू मतं मागायला यायचास तेव्हा कमी वाटायची.”

मूल खांद्याशी घेऊन म्हातारी उठली. तिचे डोळे अधू होते, तिने आप्पांच्या बाहीला हात लावून ते कुठे उभे आहेत त्याचा अंदाज घेतला.

“देव तुमचं भलं करो, साहेब,” ती म्हणाली. “स्वतःच्या घरात घेताय. भिंत होईपर्यंतच राहू हो आम्ही. कधी होतेय?”

ताईने आप्पांकडे पाहिलं.

“तू सांगतोस,” तिने विचारलं, “की मी सांगू?”