डाळिंबातलं गाव

डाळिंबाला एका अंगाला भेग पडलेली होती, बारीकशी, आणि तिच्यातून आतला एक दाणा डोकावत होता – मुक्ताने त्यावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. दारातल्या झाडाचं एवढंच फळ उरलेलं. बाकीची पोपटांनी फस्त केली. पप्पा असते तर म्हणाले असते, भेग कसली गं, वेस आहे ती, आतल्या गावाची... नको. आज नुसतं फळ ठेवायचं आणि गुपचूप बाकावर येऊन बसायचं.

बेलापूरच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. वेदीपुढे बाजरी, भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेली एक कोंबडी. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्याने देवापुढे आणायचं, असा रिवाज. आणि पप्पांना, म्हणजे वैजनाथ मास्तरांना, शेतच नव्हतं. ते दरवर्षी एक डाळिंब ठेवायचे आणि "माझ्याकडे पिकतं ते हेच," म्हणत त्यासोबत एक नवी परीकथा सांगायचे. एका पाळकांनी एकदा तोंड वाकडं केलं होतं – शास्त्रात पऱ्या कुठं आहेत, मास्तर? पप्पा खो खो हसले होते. "शास्त्रात माझं नाव तरी कुठं आहे, पाळकसाहेब? तरी देवानं केलंच ना मला!" त्या पऱ्यांची पुस्तकं झाली, त्यांवर पोरांच्या पिढ्या वाढल्या, आणि यंदा उन्हाळ्यात मास्तर गेले. लेकीला मात्र, बँकेत जन्म काढलेल्या मुक्ताला, रात्रीचं स्वप्नसुद्धा धड सांगता येत नाही. म्हणजे रिवाज आज संपणार – माझ्या हातून संपणार. सकाळपासून हेच डोक्यात घोळत होतं.

तिने डाळिंब ठेवलं, वळली. लोक थांबले होते, दरवर्षीसारखे, आणि पुढे सतरंजीवरची पोरं तिच्या तोंडाकडे टकामका बघत होती.

"अगं, सांग की," पहिल्या बाकावरून रंगुबाई म्हणाली. मास्तरांची कथा तिने जन्मात कधी चुकवली नव्हती.

"मला येत नाही, मावशी."

"मग मी सांगते. डाळिंबातल्या गावाची." आणि पदर खोचून ती उभीच राहिली. "त्या गावात हुता एक राक्षस. लई मोठा. शुगर फॅक्टरीत कामाला–"

शुगर फॅक्टरीत? पप्पांचा राक्षस विहिरीत राहायचा, ओलाचिंब, एकटा. काय वाट्टेल ते सांगतेय ही बाई! मुक्ताने टोकायला तोंड उघडलंसुद्धा... पण पोरं फिदीफिदी हसत होती, आणि राक्षस जेवणाचा डबा घेऊन पाळीला निघाला होता, आणि वाटेत – अगदी पप्पांच्या राक्षसासारखाच – मुंग्यांना आधी जाऊ देत होता. मुंग्या! तेवढ्या तिने सोडल्या नव्हत्या. मुक्ताचे डोळे भरून आले. किती देऊन ठेवलंत, पप्पा, आणि मी समजत होते, सगळं तुमच्याबरोबर मातीत गेलं. देवा, तुझे फार उपकार.

"...तर राक्षस पोचला गेटापाशी, अन् गेट बंद!" रंगुबाई अडखळली, कपाळावर हात मारला. "म्होरलं मला न्हाई येत, बाई. ते मुक्ताला इचारा."

सगळी तोंडं इकडे वळली. पुढचं? पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. असलं गेट पप्पांनी कधी बांधलंच नव्हतं. पण पप्पा काय म्हणाले असते, हे या खेपेला तिच्या मनात आलंच नाही. ती त्या गेटाकडे बघत होती – हिरवं, उंच, खालून थोडं वाकलेलं... आणि तिथल्या फटीतून कुणीतरी हळूच डोकावत होतं.